राम आणि हरी यांच्या मधला वेळ

यंदा मृगाआधी वेल्ह्याच्या घराची कौले शाकारायची म्हणून माळा रिकामा करावा लागला, आणि तेथे कित्येक पावसाळे निमूटपणे पडून राहिलेली माझी पत्र्याची पेटी खाली उतरवून तिचे झाकण उचलताच असा काही आंबट, नाकाच्या शेंड्यात झिणझिणणारा दर्प घरभर पसरला की चुलीपुढे बसलेल्या वहिनी तेथूनच ओरडल्या, "भाऊजी, वर लोणच्याची बरणी फुटली का हो?"

बरणी फुटली नव्हती. पेटीत निगेटिव्ह होत्या. माझ्या तारुण्यातल्या, कागदी पाकिटांतून तारीखवार लावलेल्या. सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे कोंडून राहिली म्हणजे तिच्यातून ॲसेटिक आम्ल, जे शिरक्यात असते तेच, सुटू लागते; सुटलेले आम्ल पुढच्या नाशाला स्वतःच चालना देते; आधार आक्रसतो, वरचा चांदीचा थर सुरकुततो, आणि त्याच डब्यात शेजारी नांदणारी धडधाकट फिल्मदेखील त्या वाफेने बाधते. हा विकार एकदा जडला की त्यावर उतारा नाही. बाधित आणि निरोगी यांची फारकत करून उरलेल्यांना कोरड्या, थंड, वाहत्या हवेत ठेवणे एवढेच हाती राहते, आणि वेल्हे हे, जेथे आषाढात भिंतींनाही ओल सुटते, या कामाला अगदीच गैरसोयीचे गाव आहे. पेटीतल्या निम्म्याहून अधिक फिल्म वाळल्या शेंगांसारख्या वळून गेल्या होत्या. त्यांत आजोळच्या समूहचित्राची, मीच एके काळी मोठ्या खटपटीने तयार केलेली निगेटिव्हही गेली. मूळ काच फोटोग्राफरच्या दुकानाबरोबर कधीच नाहीशी झालेली. तेव्हा त्या चित्राचा या जगातला पुरावा म्हणून आता माजघरातल्या भिंतीवरची, कसरीने एक कोपरा खाल्लेली तसबीर तेवढी शिल्लक आहे.

ते चित्र १९६० सालच्या हिवाळ्यातले. आंबी नदीच्या खोऱ्यातले आमचे आजोळ पानशेतच्या धरणाखाली जाणार हे ठरून गेले होते, मोजणीदार येऊन गेले होते, पंचनामे झाले होते, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू आणि ज्यांची उमेदवारी भोर संस्थानच्या दप्तरात झाली होती, त्यांच्या मनाने असे घेतले की घराची नोंद सरकारदरबारी झाली असली तरी घरच्या दप्तरातही ती व्हावयास हवी. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा अण्णा त्याच भोरमध्ये मामलेदार कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले. राज्य बदलले, शिक्का बदलला, तरी जे काही नाहीसे व्हावयाचे आहे त्याची आधी यादी झाली पाहिजे ही संस्थानी सवय काही त्यांच्या हाडातून गेली नाही. त्यांनी भोरच्या बाजारपेठेतला एक फोटोग्राफर ठरविला. निम्मी वाट गाडीने आणि निम्मी पायी, डोंगर ओलांडून, लाकडी तिकाटणे आणि काळ्या कापडात गुंडाळलेला स्टँड कॅमेरा एका गड्याच्या डोक्यावर देऊन, तो गृहस्थ दुपार उलटताना आजोळी पोहोचला, आणि उन्हे अंगणातून निघून ओसरी सावलीत गेल्यावर त्याने आम्हां सर्वांना मांडून बसविले. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो.

त्याच्या भिंगाला शटर नव्हते. भिंगावर एक पितळी टोपी असे. ती काढावयाची, मनात काळ मोजावयाचा आणि पुन्हा बसवावयाची. आकडे मोजण्याऐवजी तो 'राम कृष्ण हरी' म्हणे. "हलू नका, भाऊसाहेब, पोरांना सांगा, श्वास धरा," असे बजावून त्याने टोपीला हात घातला, 'राम' म्हणताना ती उचलली आणि 'हरी' म्हणताना परत बसविली. या दोन नामांच्या मधल्या अवकाशात आजीने हात हलविला.

तसबिरीत सगळे जागच्या जागी आहेत. खुर्चीत आजोबा, पागोट्याची घडी न् घडी मोजता यावी इतके स्पष्ट. त्यांच्या मागे अण्णा, बंद गळ्याचा कोट घातलेले. मामा, मामी, आई. पायाशी आम्ही मुले. मध्ये आजी, जिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, नाकातली नथ, कपाळावरचे गोंदण, सगळे स्वच्छ उमटले आहे. आणि तिच्या उजव्या हाताच्या जागी मात्र एक पांढुरका झोत, ज्यातून लुगड्याचे काठ आरपार दिसतात. तिचे हे एकमेव छायाचित्र. त्यामुळे त्या हाताने काय केले याविषयी घरात निरनिराळे पाठ रूढ झाले. मामी म्हणत, अंगणात कोंबडी शिरली होती, तिला हाकलले. मामांच्या मते माशी. माझी आई याविषयी कधी बोलत नसे, फक्त एकदा म्हणाली की तिला घर सोडायचे नव्हते, तिने 'नको' म्हटले असेल. अण्णांपुरता निकाल साफ होता: हलू नका असा हुकूम असता ती हलली.

पॅरिसमधल्या एका रुंद रस्त्याचे दागेरने १८३८ साली खिडकीतून घेतलेले चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच्या पट्टीवर प्रकाश उमटावयास काही मिनिटे लागत, आणि तेवढ्या अवधीत त्या गजबजलेल्या रस्त्यावरची घोडागाड्यांची आणि माणसांची सारी वर्दळ एका जागी पुरेशी न थांबल्यामुळे चित्रातून पार पुसली गेली. उरला तो एक मनुष्य, जो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून स्वस्थ उभा होता, आणि त्याच्या पायाशी तो पॉलिशवाला, काहीसा धूसर. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे त्या वर्तुळात होते, आणि नारायण दाजींनी काढलेली चित्रे त्या काळी नावाजली गेली. हा इतिहास मी मुद्दाम सांगत नाही. पण त्या आरंभीच्या काळातील कोणतेही चित्र पाहताना माझे लक्ष आधी जाते ते कोण स्थिर राहू शकला आणि कोण राहू शकला नाही याकडे. ज्याला बसण्याची सवय तो रेखीव येतो. संस्थानिक, सावकार, इनामदार, शास्त्री हे सगळे रेखीव आहेत. पंखा हालविणारा, पाणी आणणारी, कडेवरचे मूल सांभाळणारी, यांच्या वाट्याला धुके आले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. प्लेट मंद होती, एवढेच.

अण्णांनी पुढे मला आगफाचा क्लिक थ्री घेऊन दिला, बडोद्याला बनत असे तो. त्याच्यात निवडण्यासारखे फारसे काही नव्हते. सूर्याचे चिन्ह आणि ढगाचे चिन्ह, शटर सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाचे, आणि एका फिल्मवर बारा चित्रे. खरी विद्या आली ती पुढे नोकरी लागल्यावर घेतलेल्या याशिका मॅट १२४ जी या दुनेत्री कॅमेऱ्यामुळे. त्याचे शटर पूर्ण सेकंदापासून पाचशेव्या भागापर्यंत चाले आणि छिद्र एफ ३.५ पासून एफ ३२ पर्यंत आवळता येई. या दोन चक्रांचा परस्परसंबंध मला कोणत्याही पुस्तकापेक्षा अण्णांच्या भाषेत लवकर कळला. जमाबंदीचा आकडा कायम असतो, ते म्हणत. तो एका हप्त्यात भरा की आठ हप्त्यांत, सरकारला सारखेच. फिल्मला लागणारा प्रकाश हा असा ठरलेला सारा आहे. एफ ८ आणि सव्वाशेवा भाग यांनी जितका भरणा होतो तितकाच एफ ११ आणि साठावा भाग यांनी, तितकाच एफ १६ आणि तिसावा भाग यांनी होतो. छिद्राचे आकडे असे विचित्र का, ८ नंतर ११ आणि ११ नंतर १६ का, याचे उत्तर इतकेच की हा आकडा म्हणजे भिंगाचे नाभ्यंतर भागिले छिद्राचा व्यास. छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे करावयाचे तर व्यास दोनाच्या वर्गमुळाने भागावा लागतो, आणि म्हणून आकडा वाढतो तसे भोक लहान होते. पन्नास मिलिमीटरच्या भिंगात एफ २ म्हणजे पंचवीस मिलिमीटरचे छिद्र आणि एफ १६ म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचे.

मात्र भरणा सारखा झाला तरी पावती सारखी मिळत नाही, आणि सगळी गंमत तेथेच आहे. मोठे छिद्र ठेवले की ज्यावर भिंग रोखले तेवढेच स्पष्ट येते. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने सात फुटांवरचा मनुष्य एफ २ वर टिपला तर त्याच्या पुढचे-मागचे मिळून वीतभर अंतर काय ते रेखीव राहते, त्यापलीकडचे जग विरघळते. तेच छिद्र एफ १६ पर्यंत आवळून सुमारे सव्वापाच मीटरांवर रोखले, तर अडीच-पावणेतीन मीटरांपासून थेट क्षितिजापर्यंतचे सारे पट्ट्यात येते; पण त्या व्यापक दृष्टीचे मोल काळात मोजावे लागते, शटर तेवढे अधिक वेळ उघडे ठेवावे लागते, आणि त्या वेळात जो हलेल तो पुसला जाईल. स्थळ अधिक हवे तर काळ अधिक द्या. क्षण हवा तर आसमंत सोडा. हा सौदा मी पहिल्याने मनापासून समजलो तो राजगडावर, सुवेळा माचीच्या नेढ्यात बसून. कातळाला आरपार पडलेले ते भोक, त्यातून बारमाही घोंगावणारा वारा, आत गार सावली आणि समोर उन्हाने पांढरे झालेले गुंजवण्याचे खोरे. कातळाची कडा आणि समोरचा डोंगर दोन्ही रेखीव यावेत म्हणून छिद्र आवळावे, तर वारा तिकाटणे हालवितो; शटर तेज करावे, तर छिद्र उघडावे लागते आणि कडा तरी जाते किंवा डोंगर तरी. एका हाताने तिकाटण्याला टोपली बांधून तीत दगड भरीत मी तेथे पुष्कळ दुपारी घालविल्या आहेत, आणि खाली उतरताना प्रत्येक वेळी पाली दरवाजाच्या पायऱ्यांवर गुडघ्यांनी त्याबद्दल कुरकुर केली आहे.

भातलावणीचे मात्र मी वेगळ्या रीतीने टिपू लागलो. वेल्ह्याच्या खाचरांतून आषाढात बायका इरली पांघरून, ओणव्याने, मागे मागे सरकत लावणी करतात, आणि त्यांचा हात चिखलात जाऊन परत मुठीतल्या रोपांकडे येतो त्याला अशी काही लय असते की पाचशेव्या भागाच्या शटरने तो हात गोठविला तर तो कामाचा न दिसता चिखलात अडकल्यासारखा दिसतो. मी पंधराव्या भागावर, कधी आठव्यावर टिपले. पाठी, इरली, बांध, मागचा तोरणा आणि त्याच्या झुंजार माचीवर उतरलेला ढग, सगळे स्वच्छ. हात तेवढे धुरकट. त्यातली चांगली चित्रे एका मासिकाकडे पाठविली. "हात हलले आहेत" असा शेरा मारून ती परत आली. तो शेरा लिहिणाऱ्या गृहस्थाविषयी माझ्या मनात जी अढी बसली ती अद्याप गेलेली नाही, आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही. त्याने कधी लावणी पाहिली नव्हती.

याच्या उलट टोकाची अढी मला मढे घाटातल्या धबधब्यापुढे बसते. पावसाळ्यात तेथे तिकाटणी मांडून उभे राहणारे हौशी लोक भिंगावर काळी काच चढवितात, प्रकाश त्यामुळे इतका तुटतो की शटर कित्येक सेकंद उघडे ठेवता येते, आणि कोसळणारे पाणी चित्रात पिंजलेल्या कापसाचे होऊन बसते. काळ लांबविणे हा अपराध नव्हे. फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस टिपून ती पडद्यावर पळापळांत दाखविली, आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटली, ती काळाशी केलेल्या याच खेळाने. पण फाळक्यांचे रोप वाढताना दिसत होते. मढे घाटाचे पाणी या चित्रांत पडताना दिसत नाही. ते आवाज न करणारे, कोणालाही न भिजविणारे, कोणाचे घर न नेणारे पाणी होते. ज्यांच्या घरात १२ जुलै १९६१ ही तारीख बोलली जाते त्यांना असे पाणी पाहवत नाही.

कारण ज्या धरणासाठी आजोळ सोडले ते धरण, अजून पुरे बांधूनही झाले नव्हते तोच, त्या दिवशी फुटले. खालचे खडकवासलेही टिकले नाही, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत काय घडले ते पुण्याच्या लोकांनी पुष्कळ लिहिले आहे. आमच्या खोऱ्याकडून ते कसे दिसले हे फारसे लिहिले गेलेले नाही. आजी तोवर मामांबरोबर वेल्ह्याला राहावयास आली होती. बातमी आली तेव्हा ती तांदूळ निवडत होती, असे आई सांगे. ती म्हणाली, "घर नेलं ते पाण्यासाठी, अन् पाणीबी राहिलं नाही." पुढे धरण पुन्हा बांधले गेले, पाणी पुन्हा चढले, आणि आजोळ दुसऱ्यांदा बुडाले. पहिल्या आणि दुसऱ्या बुडण्याच्या मधल्या काळात मामा एकदा तेथे जाऊन आले होते. काय पाहिले ते त्यांनी सांगितले नाही, आणि त्यांना कोणी विचारलेही नाही.

पेटीचा वास घरात रेंगाळत असतानाच मामेभावाचा मुलगा सुट्टीला आला होता. त्याने माझी हळहळ ऐकली, भिंतीवरच्या तसबिरीवर मोबाइल धरला, आणि वहिनींनी चहा गाळून होईपर्यंत कसरीने खाल्लेला कोपरा भरून काढला, ओरखडे पुसले, आजोबांच्या कोटाला रंग दिला. "काका, पणजीचा हातसुद्धा नीट झाला बघा," असे म्हणून त्याने पडदा माझ्यापुढे केला. खरोखरच झाला होता. मांडीवर ठेवलेला, पाचही बोटे सुटी असलेला, गोरटेला, अत्यंत सभ्य हात. आजीला तसा हात कधीच नव्हता. पण माझी अस्वस्थता तिच्या बोटांच्या ठेवणीपुरती नव्हती. त्या यंत्राने मांडीवर हात ठेवून एक प्रश्न परस्पर निकालात काढला होता, आणि त्या प्रश्नाकडे, तो इतकी वर्षे भिंतीवर टांगलेला असताना, मी माझ्या विद्येने कधी पाहिले नव्हते हे मला तेव्हा उमगले. मी तसबीर खाली उतरविली, अंगणात उजेडात नेली, आणि भिंग घेऊन बसलो.

आधी छिद्र. चित्रात सर्वांत पुढे तुळशीवृंदावनाचा कठडा आहे आणि सर्वांत मागे दाराच्या चौकटीवरचा कोरीव गणेशपट्टा. दोन्ही इतके रेखीव आहेत की गणपतीची सोंड कोणत्या बाजूला वळली ते सांगता येते. मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्याचे भिंग लांब नाभ्यंतराचे असते आणि त्याला खोलीची स्पष्टता मुळातच थोडी, म्हणून इतके अंतर पट्ट्यात आणावयाचे तर छिद्र चांगलेच आवळावे लागते, एफ २२ किंवा त्याहूनही पुढे. सावलीतली ओसरी, हिवाळ्याची उतरती दुपार आणि त्या काळची प्लेट धरून हिशेब केला की भिंग अर्ध्या ते एक सेकंदाच्या घरात उघडे असले पाहिजे. आणि 'राम'पासून 'हरी'पर्यंत शांतपणे म्हणावयास लागणारा वेळही तेवढाच आहे. येथवर रुजुवात बरोबर जुळते.

आता हात. आजीच्या चेहऱ्याच्या लांबीशी ताडून पाहिले तर तो झोत वीत-दीड वीत अंतराचा आहे. कोंबडी हाकलणारा किंवा माशी उडविणारा हात अर्ध्या सेकंदात याच्या कितीतरी पट अंतर तोडतो, एवढेच नव्हे तर तो पुन्हा पुन्हा ये-जा करतो, आणि अशा मंद प्लेटवर त्याचा जवळपास मागमूसही उरत नाही. 'नको' म्हणणारा हात आडवा हलतो. हा खालून वर, तिरका गेलेला आहे. शिवाय झोत सगळीकडे सारखा दाट नाही. मांडीपाशी बोटांच्या अगदी फिकट खुणा आहेत, म्हणजे हात तेथे क्षणमात्र होता. मध्ये लुगड्याचे काठ दिसतात, म्हणजे तेथून तो सरकत गेला. आणि वरच्या टोकाला तो पुन्हा घट्ट झालेला आहे, इतका की दोन काकणांच्या कडा ओळखू येतात, म्हणजे तेथे जाऊन तो थांबला आणि टोपी बसेपर्यंत थांबूनच राहिला. हात एकदाच गेला, सावकाश गेला, आणि जेथे पोहोचला तेथे टेकला.

वरच्या टोकाला माझा खांदा आहे.

समूहचित्रात सर्वांत अगोदर हलते ते पाच वर्षांचे मूल, हे कोणताही फोटोग्राफर सांगेल. आमच्या चित्रात माझ्याहून मोठी असलेली मामेबहीण थोडी हलली आहे, एका मावसभावाला दोन नाके आली आहेत. मी मात्र सदऱ्याच्या गुंड्यांसकट लख्ख आहे. इतकी वर्षे घरात याचे श्रेय माझ्या शहाणपणाला दिले जात होते, आणि मीही ते घेत आलो होतो. आता अण्णा हयात नाहीत, मामा-मामी नाहीत, आई नाही; ज्यांना ज्यांना हे दाखवून आजीची बाजू मांडावी असे वाटते त्यांपैकी कोणीही ऐकावयास उरलेले नाही. पुतण्याला मी हे सारे समजावून सांगितले. त्याने लक्षपूर्वक ऐकले, मोबाइलमधली सुधारलेली आवृत्ती पुसून टाकली, आणि मग तसबिरीकडे पाहत भलताच प्रश्न विचारला: "काका, हे मागचं दार केवढं होतं?"

त्या प्रश्नानंतर मी आजीला सोडून दाराकडे पाहू लागलो, आणि तेव्हापासून दारच पाहतो आहे. त्या दाराच्या उजवीकडे भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात समई. ओसरीच्या तुळईला टांगलेली कोयत्याची आकडी. वर, कौलांच्या रांगेपलीकडे, डोंगराची एक सोंड, जिच्यावरून आता कोणी पाहिले तर खाली पाणी दिसते. त्या भोरच्या फोटोग्राफरला यांतले काही टिपावयाचे नव्हते. त्याला माणसे टिपावयाची होती, पण एवढा मोठा गोतावळा पुढेमागे मांडून सगळ्यांचे चेहरे स्पष्ट आणावयाचे तर छिद्र आवळणे भाग होते, आणि छिद्र आवळले म्हणून घर आले. मोजणीदाराच्या कागदात आजोळची लांबी-रुंदी असेल, आकारणी असेल, झाडांची संख्या असेल. समई कोणत्या कोनाड्यात होती हे फक्त एफ २२ ला ठाऊक आहे.

भोर आणि वेल्हे हे असे बुडालेल्या गावांचे तालुके आहेत. वेल्ह्याचे नाव अलीकडे राजगड झाले. संस्थानच्या काळी भोरच्या तालुक्यांना विचित्रगड, राजगड, प्रचंडगड अशी किल्ल्यांचीच नावे होती, म्हणजे दप्तराने एक फेरा पुरा केला. इकडे वेळवंडीवर भाटघर, नीरेवर देवघर; तिकडे आंबीवर पानशेत, मोशीवर वरसगाव. भाटघरचे २३.५ टी.एम.सी. पाणी, देवघरचे ११.७३, हे आकडे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रे छापतात. भाटघरच्या पाण्यात कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ वर्षातला बहुतेक काळ बुडालेले असते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की उघडे पडते, माणसे चिखल तुडवीत दर्शनाला जातात. देवळाचे दगड टिकतात. मातीच्या भिंती, लाकडी चौकटी, शेणाने सारवलेले ओटे पाण्यात टिकत नाहीत. त्यांना एवढीही मुदत मिळत नाही. ती घरे कोठे असलीच तर भोरच्या, वेल्ह्याच्या आणि उठून गेलेल्या लोकांच्या नव्या वसाहतींतल्या भिंतींवर, कोणाच्या तरी लग्नाच्या, मुंजीच्या, निरोपाच्या चित्रात, माणसांच्या पाठीमागे आहेत.

आणि आता जो तो पाठीमागचे पुसतो आहे. मोबाइलला त्यासाठी छिद्र मोठे करण्याचीही गरज नसते; माणूस कापून घेऊन मागचे सारे तो हिशेबाने धूसर करतो, आणि याला लोक चेहरा उठून दिसणे म्हणतात. परवाच भोरला एका परिचिताने आपल्या नव्वदीतल्या मातोश्रींचे असे चित्र मोठ्या कौतुकाने दाखविले. म्हातारीच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. ती जेथे बसली होती ती ओसरी, जी रस्तारुंदीत येत्या वर्षी जाणार आहे, तपकिरी लगद्यासारखी मागे पसरली होती. मी त्यांना त्याच दिवशी पुन्हा एक चित्र घ्यावयास लावले, मागचे सगळे दिसेल असे.

तेव्हा वाचकांना, विशेषतः आमच्या या दोन तालुक्यांतल्या वाचकांना, माझी विनंती एवढीच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे चित्र घ्याल तेव्हा ती धूसर करण्याची कळ बंद ठेवा, हाती चांगला कॅमेरा असेल तर छिद्र एफ ११ किंवा एफ १६ पर्यंत आवळा, दोन पावले मागे सरा, आणि दार, कोनाडा, ओटा, अंगणातले झाड, मागचा डोंगर हे सारे चौकटीत येऊ द्या. उजेड कमी पडून कोणाचा हात हलला तर हलू द्या. आणि ज्यांच्याकडे जुनी समूहचित्रे आहेत त्यांनी ती चौकटीतून सोडवून, मऊ पेन्सिलीने, पाठीवर माणसांच्या नावांखाली घराची जागाही लिहून ठेवावी: गाव, वाडी, दाराचे तोंड कोणत्या दिशेला, आणि समोर कोणता डोंगर.